सैन्याच्या खर्चाने बी.एस्सी. नर्सिंग: फॉर्म भरण्याच्या आधीपासून करारावर सही करेपर्यंत

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत असायची रीत जुनी. अपशिंग्याचं नाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच लोकांच्या तोंडी आहे. तरीही दरवर्षी बारावीच्या निकालानंतर एखादी मुलगी वडिलांना घेऊन येते आणि विचारते, “मॅडम, नर्सिंगला जायचंय, पण खासगी कॉलेजची फी झेपत नाही. दुसरा काही मार्ग आहे का?” त्या मुलीचे आजोबा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले असतात, काका अजून सीमेवर असतात, आणि सैन्य मुलींना चार वर्षं नर्सिंग शिकवून अधिकारी करतं हे मात्र घरात कुणाला ठाऊक नसतं. ठाऊक होतं तेव्हा बहुतेक वेळा मुदत निघून गेलेली असते.

म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढते आहे. अकरावीत असलेल्या मुलीच्या घरी हे वाचलं गेलं तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल.

हे नेमकं आहे काय

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस म्हणजे एमएनएस ही आपल्या सैन्यदलांची परिचारिकांची सेवा. तिची मुळं थेट मुंबईच्या बंदरात आहेत. १८८८ सालच्या मार्चमध्ये दहा प्रशिक्षित परिचारिका विलायतेहून मुंबईत उतरल्या आणि लष्करी इस्पितळांतल्या शुश्रूषेची घडी बसवायला त्यांनी सुरुवात केली. पुढे १ ऑक्टोबर १९२६ रोजी ही सेवा भारतीय सैन्याचा कायमचा भाग झाली. म्हणून १ ऑक्टोबर हा एमएनएसचा स्थापना दिवस.

या सेवेतल्या परिचारिका कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची रीतसर नेमणूक, मिळालेल्या अधिकारी असतात. सुरुवात लेफ्टनंटच्या हुद्द्यावर होते, खांद्यावर दोन तारे लागतात. सेवेच्या प्रमुखपदी मेजर जनरल हुद्द्याची अधिकारी असते. ‘मिलिटरी हॉस्पिटलात नर्सची नोकरी’ असं म्हणून लोक ही गोष्ट छोटी करून टाकतात, म्हणून हे आधीच सांगितलं.

या सेवेसाठी सैन्यदलांची सहा नर्सिंग कॉलेजं चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग शिकवतात. त्यांतली दोन आपल्याच राज्यात आहेत: पुण्याच्या एएफएमसी या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातलं आणि मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या इस्पितळातलं. बाकीची चार दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बंगळुरूला. गेल्या काही वर्षांच्या जाहिरातींत एकूण जागा २२० होत्या: पुणे, मुंबई, लखनौ आणि बंगळुरूला प्रत्येकी ४०, दिल्ली आणि कोलकात्याला प्रत्येकी ३०. अख्ख्या देशातून २२० मुली. हा आकडा घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण दुसरा मार्ग हाताशी ठेवूनच इकडे यायचं, हे त्यावरून कळावं.

आणि पैशांचं? चार वर्षं राहणं, जेवण सरकारी खर्चाने, गणवेशासाठी भत्ता, शिवाय दर महिन्याला विद्यावेतन. घरून पैसे पाठवायचे ते मुलीच्या किरकोळ खर्चापुरते.

पण ही शिष्यवृत्ती नव्हे. या शिक्षणाची किंमत मुलगी पुढच्या नोकरीच्या वर्षांनी चुकती करते. ते करारावर लिहिलेलं असतं आणि त्याखाली पालकांचीही सही असते. त्या कराराबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे. बाकी काही वाचलं नाही तरी तो भाग वाचावा.

पात्रता: इथेच निम्म्या मुली गळतात

पात्रतेच्या ओळी जाहिरातीत चार-पाचच असतात, पण त्यांतला प्रत्येक शब्द मोजून-मापून घातलेला असतो.

प्रवेश फक्त मुलींना. अविवाहित, घटस्फोटित, कायदेशीर विभक्त किंवा विधवा. मात्र मुलाबाळांची जबाबदारी अंगावर नसलेली. प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही.

वय १७ ते २५, आणि ते मोजतात ३० सप्टेंबरच्या हिशेबाने. २०२३ साली जन्मतारीख १ ऑक्टोबर १९९८ ते ३० सप्टेंबर २००६ च्या दरम्यान हवी होती. पुढच्या प्रत्येक वर्षी दोन्ही टोकांना एकेक वर्ष वाढवत जा. यातली एक बारकी अडचण लक्षात घ्या. या प्रवेशासाठी आधी ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि तिला बसायला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण झाली तरी चालतात. त्यामुळे ऑक्टोबर, नोव्हेंबर किंवा डिसेंबरात जन्मलेली, लवकर शाळेत घातलेली मुलगी नीट देऊ शकते, पण एमएनएससाठी त्या वर्षी ती लहान ठरते. तिला एक वर्ष थांबावं लागेल. हे आधी माहीत असलं की वर्षाची आखणी करता येते.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत आणि एकूण किमान ५० टक्के गुण. हा भाग सोपा. त्याच्या पुढचे शब्द अवघड आहेत: पहिल्याच प्रयत्नात आणि नियमित विद्यार्थिनी म्हणून उत्तीर्ण. म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेत एक विषय राहिला आणि पुरवणीत सुटला, तर हे दार बंद. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी केली असेल, तरीही बंद.

याचा चटका मला बसलेला आहे. काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी होती. बोर्डाच्या परीक्षेच्या वेळी घरात मोठं आजारपण आलं आणि तिचा केमिस्ट्रीचा पेपर राहिला. पुरवणीत तिने तो उत्तम सोडवला, पुढच्या वर्षी नीटला चांगले गुण मिळवले. मी तिला ‘मिलिटरी नर्सिंगचा फॉर्म भर’ म्हणून सांगितलं आणि पात्रतेची ती ओळ मी स्वतः नीट वाचलेली नव्हती. कागदपत्रांच्या वेळी तिचं नाव गळलं. तोपर्यंत दुसऱ्या प्रवेशफेऱ्या संपत आल्या होत्या. तिला वर्षभर थांबावं लागलं, आणि ते वर्ष माझ्यामुळे गेलं. तेव्हापासून कुणाही मुलीला काही सांगण्याआधी मी बारावीची गुणपत्रिका हातात घेते आणि ती कोणत्या महिन्याच्या परीक्षेची आहे ते पाहते. तुम्हीही तेवढं कराच.

अकरावीला विषय निवडतानाही हे ध्यानात असू द्या. बायोलॉजी सोडून गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या मुलीला पुढे नर्सिंगची ओढ वाटली, तर परतीची वाट फार लांबची पडते.

उंची किमान १५२ सेंटीमीटर. ईशान्येकडच्या आणि डोंगरी भागांतल्या उमेदवारांना त्यात सवलत असते. उंची घरच्या भिंतीला पेन्सिलची खूण करून मोजू नका. सरकारी दवाखान्यात अनवाणी उभं राहून मोजून घ्या. एका सेंटीमीटरने राहिलेली मुलगी मी पाहिली आहे.

पायरी पहिली: नीट

२०२२ पासून या प्रवेशासाठी नीट-यूजी सक्तीची आहे. त्याआधी सैन्य स्वतःची लेखी परीक्षा घेत असे. गावाकडे अजूनही ‘त्यांची वेगळी परीक्षा असते’ असं सांगणारे भेटतात, ती माहिती जुनी झाली.

नीट ७२० गुणांची. १८० प्रश्न, तीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. ७२० पैकी ३६० गुण एकट्या बायोलॉजीचे असतात. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांची स्पर्धा वेगळी, आपल्याला तेवढ्या उंच गुणांची गरज पडत नाही. पण ‘नर्सिंगच तर आहे’ म्हणून हलक्यातही घेऊ नका. बायोलॉजीची पाठ्यपुस्तकं ओळ न् ओळ पक्की आणि केमिस्ट्रीतला पाठांतराचा भाग तयार, एवढं जमलं तर फिजिक्स कच्चं असलेली मुलगीही टिकते. माझ्या अनुभवात फिजिक्सच्या भीतीने नीटच न देणाऱ्या मुलींचं नुकसान सगळ्यात मोठं असतं.

नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. ज्यांना त्याचा आधार वाटतो त्यांनी जरूर घ्यावी. पण पुढची चाचणी इंग्रजीची आहे आणि कॉलेजातलं शिक्षणही इंग्रजीतच, तेव्हा इंग्रजीची सवय मोडू देऊ नका.

पायरी दुसरी: सैन्याकडे वेगळा अर्ज

नीट दिली म्हणजे मिलिटरी नर्सिंगचा अर्ज झाला, असा समज मी इतक्या घरांत ऐकला आहे की हे ठळक सांगते. नीटच्या फॉर्मचा आणि या अर्जाचा काही संबंध नाही. अर्ज भरायचा तो जॉइन इंडियन आर्मीच्या अधिकृत वेबसाइटवर, अधिकारी भरतीच्या विभागात. त्याची मुदत दरवर्षी वेगळी असते. २०२२ मध्ये अर्ज नीटच्या आधीच मे महिन्यात घेतले, २०२४ मध्ये नीटच्या निकालानंतर जुलैअखेरीस. शिवाय मुदत कधी कधी जेमतेम आठवडा-दहा दिवसांची. म्हणून एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत दर आठवड्याला एकदा ती वेबसाइट उघडून पाहायची. घरातल्या कुणा एकाला हे काम वाटून द्या. मुलगी अभ्यासात असते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातींवर विसंबू नका, आणि ‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. या प्रवेशात पैसे घेऊन कुणी काही करू शकत नाही.

अर्जाआधी कागदांतलं नाव जुळवा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. आधारवर तेच उलट क्रमाने. त्यातून इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं ‘ए’ कमी-जास्त, वडिलांच्या नावापुढे एका ठिकाणी ‘राव’ आणि दुसरीकडे नाही. क्रमाचा फरक सहसा समजून घेतात, पण स्पेलिंग आणि जन्मतारखेचा फरक महागात पडतो. दहावीची गुणपत्रिका हाच मूळ कागद धरून आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि तेही अकरावीतच. ऐन जुलैमध्ये आधार केंद्रावर रांग असते आणि दुरुस्ती व्हायला दिवस लागतात.

एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये हे सगळं जमवून ठेवा: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास दाखला, नीटचं प्रवेशपत्र आणि निकालपत्र, आधार, फोटो, कॉलेजचा वर्तणुकीचा दाखला. अविवाहित असल्याचा दाखला लागला तर तो कुठून काढायचा तेही आधी विचारून ठेवा. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्वच्छ स्कॅन. अर्ज पाठवल्यावर त्याची प्रिंट काढून त्याच फोल्डरमध्ये.

अर्जात द्यायचा ईमेल आणि मोबाइल नंबर मुलीचा किंवा घरातला हवा. सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवर बोलावण्याचं पत्र आलं आणि घरी कळलंच नाही, असं होताना मी पाहिलं आहे.

पायरी तिसरी: निवड

नीटच्या गुणांवरून यादी लागते आणि त्यांतल्या मुलींना पुढच्या टप्प्यासाठी बोलावतात. तिथे तीन गोष्टी होतात. एक, सामान्य बुद्धिमत्ता आणि सामान्य इंग्रजीची कॉम्प्युटरवरची चाचणी. दोन, मानसशास्त्रीय चाचणी. तीन, मुलाखत. या सगळ्यानंतर वैद्यकीय तपासणी.

इंग्रजीची चाचणी बँकेच्या परीक्षांना येते त्या धर्तीची: समानार्थी शब्द, चुकीचा भाग ओळखणं, गाळलेले शब्द, छोटा उतारा. बुद्धिमत्तेत अंकमालिका, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध. आपल्या मुली दहावीपर्यंत स्कॉलरशिप परीक्षेत असले प्रश्न सोडवतात आणि मग विसरून जातात. नीट संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज एक तास यांना दिला तरी फरक दिसतो. नीटनंतर दोन महिने आराम करणाऱ्या मुली इथे मागे पडतात.

मानसशास्त्रीय चाचणीची तयारी करू नका. पाठ केलेली उत्तरं द्यायला गेलं की माणूस स्वतःच्याच उत्तरांत अडकतो.

मुलाखतीची मात्र तयारी करायची, आणि ती घरी होते. रोज संध्याकाळी अर्धा तास आई, मावशी किंवा शेजारच्या काकांनी खुर्चीत बसून मुलीला प्रश्न विचारायचे आणि तिने नजर वर ठेवून उत्तर द्यायचं. आमच्याकडच्या मुली हुशार असतात, पण परक्या माणसासमोर त्यांचा आवाज घशात राहतो. इंग्रजी अडखळलं तरी चालेल, वाक्य पूर्ण करता आलं पाहिजे. ‘नर्सिंगच का?’, ‘सैन्यच का?’, ‘घरापासून दोन हजार किलोमीटरवर बदली झाली तर?’ हे प्रश्न स्वतःला विचारून पाहा. ‘फी भरावी लागत नाही म्हणून’ हे खरं कारण असेल तर ते लपवायचं कारण नाही. घरची परिस्थिती सरळ सांगावी. पण तेवढं एकच कारण असेल, तर मुलाखतीच्या आधी मुलीने खरोखरच विचार करायला हवा. आजारी, जखमी माणसाच्या जवळ जायला मन तयार आहे का? शक्य असेल तर आधी आठ दिवस ग्रामीण रुग्णालयात परवानगी घेऊन नुसतं बसावं, वॉर्डातला वास आणि रात्रपाळी पाहावी. माझ्या एका विद्यार्थिनीने असं केलं, तिसऱ्या दिवशी परत आली आणि म्हणाली, “मॅडम, मला हे जमणार नाही.” ती आज बी.फार्म. करते आहे. दुसरीने पाचव्या दिवशी एका म्हाताऱ्या आजींचे पाय पुसून दिले, आणि आजींनी तिचा हात सोडलाच नाही. ती पुढे मुलाखतीत तेवढंच बोलली.

पायरी चौथी: वैद्यकीय तपासणी

वैद्यकीय तपासणीत नापास झालेल्या मुलीला वाटतं आपल्यात काहीतरी मोठा दोष आहे. बऱ्याचदा कारण साधं आणि आधी दुरुस्त होण्याजोगं असतं. कानातला मळ. किडलेला दात. वजन कमी किंवा जास्त. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी. आपल्या मुलींमध्ये हे फारच सर्रास. म्हणून निवडीच्या सहा महिने आधी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन, लघवी, डोळे, कान, दात तपासून घ्या. हिमोग्लोबिन महिनाभरात पुरेसं वाढेलच असं नाही. पालेभाज्या, खजूर, शेंगदाणे-गूळ आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नियमाने घ्याव्या लागतात. चष्मा असेल तर नंबर आणि रंग ओळखण्याची क्षमता डोळ्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफीही तपासणीत असते.

गोंदणाबद्दल आमच्या भागात नेहमी विचारतात. सैन्याच्या नियमानुसार कायमचं गोंदण चालतं ते फक्त कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूवर. आदिवासी समाजाच्या मुलींना परंपरेप्रमाणे सवलत आहे. हौसेने मानेवर, दंडावर काही काढून घ्यायचा बेत असेल तर तो आत्ताच रद्द करा.

पहिल्या तपासणीत अपात्र ठरवलं तरी तिथेच सगळं संपत नाही. ठरलेल्या मुदतीत अपील करून फेरतपासणी मागता येते. कारण लेखी घ्या, मुदत विचारून घ्या, आणि त्या कारणाचा तज्ज्ञ डॉक्टर लगेच गाठा. रडत गाडीत बसून घरी येऊ नका.

करार

निवड झाली की आनंदाच्या भरात एक कागद पुढे येतो. त्यावर मुलगी लिहून देते की शिक्षण पूर्ण झाल्यावर मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये नोकरी करीन, आणि मध्येच सोडलं किंवा नंतर कमिशन घ्यायला नकार दिला तर ठरलेली रक्कम भरीन. पालकही त्याला बांधले जातात. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशेब ठेवतात. स्टॅम्प पेपर टेबलावर ठेवून ते दोन दिवस त्याच्याकडे पाहत राहिले. म्हणाले, “मॅडम, एवढा आकडा मी जन्मात एकत्र पाहिला नाही. पोरीला तिथं करमलं नाही तर मी कुठून आणू?” त्यांची भीती रास्त होती. आम्ही तिघांनी बसून तो करार ओळीओळीने मराठीत लिहून काढला. मग त्यांनी सही केली.

तुम्हीही तेच करा. करारात या गोष्टी शोधून त्यांच्याखाली रेघ मारा: नोकरी किमान किती वर्षं, कमिशन कायमचं मिळणार की अल्प मुदतीचं, आणि ते कोण ठरवणार, मध्येच सोडल्यास रक्कम किती, ती वर्षागणिक बदलते का, मुलगी आजारी पडून अपात्र ठरली तर काय, नापास झाली तर काय, जामीनदार लागतो का. इंग्रजी समजत नसेल तर गावातले निवृत्त हवालदार, वकील, मुख्याध्यापक, कुणालाही बसवा. जे समजलं नाही ते ज्यांनी कागद दिला त्यांनाच विचारा. सही करण्याआधी विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

आणि सही मुलीच्या मनाने व्हावी. घरची फी वाचते म्हणून वडिलांनी ढकललेली आणि नंतर चार वर्षं कुढणारी मुलगी, असं कुणाच्याही घरी होऊ नये.

लग्नाचा प्रश्न आया हमखास विचारतात. प्रशिक्षण संपून कमिशन मिळाल्यावर लग्न करता येतं. पूर्वी लग्न केल्यावर नोकरीतून काढण्याचा नियम होता. १९७७ च्या एका लष्करी सूचनेनुसार तसं होत असे आणि १९९५ मध्ये ती मागे घेतली गेली. त्या नियमाखाली १९८८ साली काढून टाकलेल्या एका परिचारिका अधिकाऱ्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल दिला. लग्न केलं म्हणून नोकरीवरून काढणं हा उघड भेदभाव आहे असं सांगून तिला ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. जुनी माणसं अजून तो जुना नियमच सांगतात, त्यांना हे दाखवा.

चार वर्षं आणि त्यानंतर

वसतिगृहातलं आयुष्य शिस्तीचं. पहाटे उठणं, गणवेश, वर्ग, वॉर्ड, परत अभ्यास. पुण्याच्या कॉलेजातल्या मुली कमांड हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम शिकतात. पुण्याच्या एएफएमसीची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. म्हणजे हे शिक्षण बाहेरच्या जगातही पूर्ण मान्य असतं, फक्त सैन्यापुरतं नाही.

कॉलेजांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्या मुलीला पुणे किंवा मुंबई बरं वाटणं साहजिक आहे, पण लखनौ किंवा कोलकाता मिळालं तर जागा सोडू नका. पुढची नोकरी देशात कुठेही असणारच आहे.

लेफ्टनंट झाल्यावर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन महिना ५६,१०० रुपयांपासून, त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे १०,८०० आणि महागाई भत्ता व इतर भत्ते. खासगी इस्पितळात नुकत्याच लागलेल्या नर्सचा पगार ज्यांना माहीत आहे त्यांना या आकड्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

इथे जमलं नाही तर

राज्याच्या सीईटी सेलची बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी त्याच वर्षी द्या. सरकारी कॉलेजात जागा मिळाली तर खर्च आटोक्यात राहतो. आणि बाहेरून बी.एस्सी. नर्सिंग करून नोंदणीकृत परिचारिका झालेल्या मुलींनाही सैन्याचं दार उघडतं. अल्प मुदतीच्या कमिशनची भरती त्यांच्यासाठी असते. जानेवारी २०२४ मध्ये त्याची कॉम्प्युटरवर परीक्षा झाली तेव्हा वयाची मर्यादा २१ ते ३५ होती. उशिरा कळलेल्यांनी हा मार्ग विसरू नये.

माजी सैनिकाची मुलगी असेल तर केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मिळणाऱ्या पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेचा अर्ज भरावा. व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यावर लगेच तो करायचा असतो, बारावीला ६० टक्के लागतात, आणि मुलींना महिना ३,००० रुपये मिळतात. कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथली माणसं माजी सैनिकांच्या घरच्यांना आपुलकीने वागवतात. थलसैनिकांच्या मुलींसाठी आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीची गुवाहाटी आणि जालंधरला नर्सिंग कॉलेजं आहेत. तिथे फी भरावी लागते आणि एमएनएसच्या नोकरीचं बंधन नसतं, तेव्हा या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

मुलगे विचारतात, त्यांच्यासाठी: एमएनएसमध्ये सध्या मुलांना प्रवेश नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी असेल तर सैन्यात नर्सिंग असिस्टंट म्हणून शिपाई पदावर भरती होता येतं. ती पदवी नव्हे आणि अधिकारीपदही नव्हे, पण काम जखमी जवानाच्या अगदी शेजारचं आहे.

हजर होण्याच्या दिवशी

बोलावण्याच्या पत्रात सामानाची यादी असते, तिच्यापलीकडे फार काही नेऊ नका. मूळ कागदपत्रं हातातल्या बॅगेत, ट्रंकेत नव्हे. झेरॉक्सचा दुसरा गठ्ठा वडिलांकडे. चष्मा असेल तर जादा एक. मनगटी घड्याळ, सेकंडहँड असलं तरी चालेल, पण सेकंदाचा काटा असलेलं. नाडी मोजायला ते पहिल्याच महिन्यात लागतं. आणि पोचल्यावर फोन कधी करू देतील ते माहीत नसतं, म्हणून घरच्यांनी त्या रात्री फोन आला नाही तर काळजी करू नये, हे आईला गाडीत बसण्याआधीच सांगून ठेवायचं.